खिंडीचं लाकूड

आल्डर किनारा, स्कीना नदी
९ मे १९११

लॅक्लन,

‘प्रिय’ लिहिलेलं नाही. ते विसरून राहिलं, असं समजू नकोस.

मोसमातली पहिली बोट म्हणून सकाळपासून नदीकडे डोळे लावून बसले होते, तर तू आलास. ‘ग्लेनारा’चं सुकाणू धरून वर काचेच्या खोलीत उभा आणि मान पलीकडच्या काठाकडे. पलीकडे काय होतं रे? एक वाळलेलं झाड. सख्खी मोठी बहीण अलीकडे उभी होती. माझ्याकडचं भट्टीचं लाकूड बोटीवर चढेपर्यंत तू त्या झाडाकडेच बघत राहिलास आणि निघताना खलाशाच्या हाती पिठाचं पोतं पाठवलंस. ते मी परत बोटीवर फेकलं. नेम चुकला असेल तर तुझं नशीब.

तुझं पीठ नको मला. काय हवंय ते तुला ठाऊक आहे, तरी लिहून देते, म्हणजे ‘मला कळलंच नाही’ म्हणायची सोय उरणार नाही. गेल्या जूनमध्ये पुराचं पाणी असताना किट्सेलासच्या खिंडीत माझा नवरा एनॉक तुझ्या बोटीचा दोर घेऊन खडकावर चढला. दोर सुटला. बोट मागे वाहत जाऊन खालच्या डोहात सुखरूप थांबली. एनॉक गेला तो गेलाच, सापडलासुद्धा नाही. मग पोर्ट एसिंग्टनला चौकशी बसली. तिथे तू टोपी काढून, घसा साफ करून सांगितलंस, की दोर खडकातल्या कडीला नीट बांधलेला नव्हता. त्यांनी लिहून टाकलं, ‘दोरवाल्याचा निष्काळजीपणा’. झालं, मिटलं!

मिटलं तुझ्यासाठी. एसिंग्टनच्या गुत्त्यात आता कुणाच्या बुटाची नाडी सुटली की म्हणतात, ‘एनॉकची गाठ रे, एनॉकची गाठ!’ आणि हसतात. माझे सासरे सिमियन, या नदीचे मूळ रहिवासी, ज्यांनी या नदीवरच्या निम्म्या लोकांना खिंडीत दोर धरायला शिकवलं, ते वर्षभर धक्क्यावर फिरकलेले नाहीत. बोटीची शिटी ऐकली की घरात जाऊन बसतात. त्यांच्या घरातल्या माणसाला आता एकही कप्तान दोरावर घेत नाही.

तू त्या चौकशीवाल्यांकडे जा आणि ते वाक्य बदलून घे. बाकी तुझ्याकडून मला काहीएक नको.

बोट परत खाली येताना हे पत्र तिच्याच टपालाच्या थैलीत टाकेन. नदीवर अजून दुसरी सोय नाही, तेव्हा स्वतःला पडलेल्या शिव्या तूच वाहून ने.

एफी


हेझल्टन
१४ मे १९११

एफी,

पोतं खलाशाच्या पायावर पडलं. लंगडतोय. त्याने तुझं काय घोडं मारलं होतं?

चौकशी संपली. ते वाक्य सरकारी कागदावर आहे, माझ्या खिशात नाही. गेलेला माणूस वाक्य बदलून परत येत नाही, आणि मागे राहिलेल्यांना बोटी चालवाव्या लागतात. रेल्वे रुळ टाकत टाकत वर येतेच आहे. अजून एक-दोन मोसम, मग या नदीवर वाफेवरची चाकाची बोट औषधाला सापडणार नाही. बोट नाही म्हणजे दोर नाही, दोर नाही म्हणजे नाडीची थट्टाही नाही. तेवढी कळ काढ.

लोक काय, आज याला हसतात, उद्या त्याला. अंगाला लावून घेऊ नकोस.

लॅक्लन


आल्डर किनारा
२२ मे १९११

लॅक्लन,

अंगाला लावून घेऊ नको म्हणे! नवरा माझा, नाव त्याचं, आणि शहाणपण शिकवणार तू.

मला तू चौकशीतला साहेब समजलास का? ते बिचारे किनाऱ्यावरचे, समुद्रातल्या बोटी बघितलेले. ‘बांधला नव्हता’ म्हटल्यावर त्यांनी माना डोलावल्या. मी या धक्क्यावर राहते. खिंडीत दोर कुणी बांधतं का रे? कुणी बांधलाय आजवर? कडीतून ओवायचा, खडकाच्या खुंटाला दोन वेढे द्यायचे आणि शेपूट हातात धरून उभं राहायचं. बोट आपल्या वाफेवर आणि दोराच्या जोरावर इंच इंच वर चढते. उद्या तिचं तोंड प्रवाहात आडवं फिरलं, तर दोर ताबडतोब सोडता आला पाहिजे, नाहीतर ताठ दोराने ती जागच्या जागी पालथी होते. म्हणून गाठ मारायचीच नाही. हे तुला कुणी शिकवलं? सिमियननी. नदीवर नवीन आलास तेव्हा दोराने तळहात सोलून निघाले होते तुझे. त्या म्हाताऱ्याने माशाची चरबी लावून फडकी बांधली, घरी नेऊन जेवू घातलं. त्यांच्याच लेकाच्या डोक्यावर खापर फोडलंस.

आणि किती हुशारीने! ‘नीट बांधलेला नव्हता.’ खरंच की, बांधलाच नव्हता! खोटं बोलला नाहीस आणि खरं तर मुळीच बोलला नाहीस. आपल्या आईला असली मुलं फार आवडायची. मला नाही आवडत.

मला एवढंच सांग. एनॉकच्या हातून दोर सुटणं शक्य नाही. म्हणजे त्याने सोडला. का सोडला? तू वरून बघत होतास. तुझ्या आणि त्याच्या मध्ये फक्त पाणी होतं. काय झालं त्या बोटीला?

एफी


हेझल्टन
२८ मे १९११

एफी,

सोडला काय नि सुटला काय, दोर त्याच्या हातात होता. माझ्याकडून हा विषय संपला.

कामाचं लिहितो. यापुढे आम्हाला साधं लाकूड देत जा. खिंडीचं वेगळं काढून ठेवायची गरज नाही. आमचं आम्ही बघू.

लॅक्लन


आल्डर किनारा
१२ जून १९११

लॅक्लन,

रागात लिहितेय, अक्षर लागलं तर वाच.

परवा होडी घेऊन वर गेले होते, मासे वाळवायच्या मांडवाकडे. खिंडीच्या तोंडाशी, खालच्या वाळूवर काय बघते, तर लाकूड. अस्ताव्यस्त फेकलेलं. माझं. दोन्ही टोकं तिरकी तोडायची माझी सवय, सगळ्या नदीवर दुसऱ्या कुणाची नाही. जवळ जाऊन हात लावला. खिंडीचं लाकूड! तू नको म्हणालास तरी मी वेगळं काढून दिलं होतं, कारण खिंडीचं काढून न देणं मला जमत नाही. दोन उन्हाळे वाळलेलं स्प्रूस, राळेने चिकट, काडी लावली की पेटणारं. भट्टीवाले इतर सगळं लाकूड वाटेत जाळतात आणि हे जपून ठेवतात, कारण खिंडीत वाफ एक टिचभर कमी पडून चालत नाही. दहा वर्षं या नदीवरच्या बोटी माझ्या लाकडावर खिंड चढल्या. आणि तू ते खिंडीच्या दारात नेऊन वाळूवर फेकतोस!

नको होतं तर धक्क्यावरच नाही म्हणायचं. चढवून घ्यायचं, शिटी द्यायची आणि बहिणीची पाठ वळली की फेकून द्यायचं? वर येणारा-जाणारा प्रत्येक माणूस ते बघतो. नवऱ्याचं नाव मातीत घातलंस, आता माझंही घालतोस का? मी तुझं असं काय वाकडं केलंय?

एफी


हेझल्टन
१६ जून १९११

एफी,

माल जास्त होता. जागा नव्हती. त्यात एवढं आकांडतांडव करण्यासारखं काही नाही.

लॅक्लन


आल्डर किनारा
३ जुलै १९११

कप्तान लॅक्लन रीड यांस,

जागा नव्हती! त्याच फेरीत तुमच्या बोटीवर रेल्वेवाल्यांचा पियानो होता, मी डोळ्यांनी पाहिला. पियानोला जागा होती.

तुमच्याशी बोलून उपयोग नाही, म्हणून ज्यांच्याशी बोलून होईल त्यांना लिहिलं. चौकशी पुन्हा उघडावी असा अर्ज मी एसिंग्टनला पाठवला आहे. तुमच्या थैलीतून नाही, दुसऱ्या बोटीतून. त्यात लिहिलंय, की ‘ग्लेनारा’चे इंजिनवाले मिस्टर डफ यांची साक्ष गेल्या वेळी घेतलीच गेली नाही, ती बायबलावर हात ठेवून घ्यावी. वर तुम्ही होता, खाली भट्टीपाशी डफ होते. खाली काय झालं ते त्यांना विचारा, असं लिहिलंय.

सासऱ्यांना वाचून दाखवलं. संध्याकाळी त्यांनी मासा मागून घेतला आणि पोटभर जेवले. कितीतरी महिन्यांनी.

एफी


पोर्ट एसिंग्टन
७ जुलै १९११

एफी,

अर्ज मागे घे.

मी कधी कुणापुढे हात जोडले नाहीत, तुला माहीत आहे. आता जोडतो असं समज. सिमियनना माझ्या बोटीवर घेतो, दोरावर नाही, नुसतं मान म्हणून, पुढच्या डेकवर खुर्ची टाकून बसवतो. एनॉकच्या नावाची थट्टा माझ्या कानावर आली तर त्या माणसाचे दात पाडतो. परवाच एकाचे पाडले, हवं तर विचार. आणखी काय हवं ते माग.

पण डफला मध्ये आणू नकोस. तो म्हातारा आहे, देवभोळा आहे, बायबलावर हात ठेवला की त्याला खोटं बोलता येणार नाही. मला जे दिसतंय ते तुला दिसत नाही. एकदा, आयुष्यात एकदा, मी सांगतो म्हणून एखादी गोष्ट ऐक. कारण विचारू नकोस.

लॅक्लन


आल्डर किनारा
१५ जुलै १९११

लॅक्लन,

अगं बाई! कप्तानसाहेब हात जोडायला लागले! हे पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा नीट पटलं नाही, दुसऱ्यांदा गोड लागलं.

‘त्याला खोटं बोलता येणार नाही.’ स्वतःच्या हाताने लिहिलंस बघ. म्हणजे तू बोललास ते खोटं होतं, आणि डफ बोलला की उघडं पडणार. आता मला कळलं काय झालं ते. शर्यत लावली होतीस! मागून दुसऱ्या कंपनीची बोट येत होती ना? तिच्या आधी हेझल्टन गाठायचं म्हणून भट्टी लाल केलीस, काहीतरी फुटलं, वाफ गेली, बोट आडवी व्हायला लागली आणि एनॉकने दोर सोडून तुझी बोट वाचवली. तुझ्या घमेंडीपायी गेला तो. आणि परवाना जाऊ नये म्हणून तू सांगितलंस, बांधला नव्हता.

सिमियनना मान म्हणून खुर्ची देणार म्हणे. त्यांच्या लेकाचं नाव परत दे, खुर्ची त्यांच्या घरी आहे.

एक ऑगस्टला अधिकारी इथे माझ्याकडे येतोय, माझी जबानी घ्यायला. मग एसिंग्टनला तुझी नि डफची. काळा कोट इस्त्री करून ठेव.

एफी


हेझल्टन
१९ जुलै १९११

एफी,

ऐकायचंच आहे ना तुला? ऐक मग. उभी असशील तर बस.

शर्यत नव्हती. मागे कुठलीच बोट नव्हती. काही फुटलं नाही. त्या दिवशी आम्ही आल्डर किनाऱ्यावर खिंडीचं लाकूड घेतलं. तुझं. त्याच्या आधी पुराने तुझा खिंडीचा ढीग काठासकट नेला होता, आठवतं? खालच्या वळणावर वाहून आलेले बारके ओंडके तू ओढून आणलेस, न फोडता नुसते कापलेस आणि वाऱ्यावर रचलेस. बाहेरून राखाडी, खडखडीत. डफने हातात घेतले, काही वाटलं नाही. मीही बघितले. आत नदी भरलेली होती.

खिंडीच्या ऐन मध्यावर ते लाकूड भट्टीत गेलं आणि वाफ बसली. डफ खालून बोलायच्या नळीतून ओरडत होता, चाक मंदावत होतं, तोंड फिरायला लागलं होतं. डेकवर रेल्वेच्या मजुरांच्या बायका, मुलं, माणसं. दोर असा ताणलेला की गुणगुणत होता. एनॉकने धुराड्याकडे पाहिलं. धूर पांढरा होता, ओल्या लाकडाचा. खिंडीत आमच्या भट्टीत कुणाचं लाकूड जळतं, ते त्याला सांगायला कुणी नको होतं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि वेढे सोडले. दोराच्या शेपटाने जाता जाता त्याला ओढून नेलं. तो घाबरला नाही, चुकला नाही. मी असतो तर एवढ्या लवकर सोडला नसता आणि आम्ही सगळे गेलो असतो.

चौकशीत विचारलं, दोर का सुटला. वाफ बसली म्हणून, असं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, वाफ का बसली, आणि त्याच्या पुढचा, लाकूड कुणाचं. तू मागच्या बाकावर काळी शाल घेऊन बसली होतीस. मी तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणालो, नीट बांधलेला नव्हता. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, असं वाटलं. डफला मीच गप्प बसवलं. खिंडीचं लाकूड या वर्षी खालून एसिंग्टनहून आणतो, कारण डफ तुझं भट्टीत घालायला तयार नाही. मी समजावलं, हे चांगलं आहे, वाळलेलं आहे. त्याचा हात धजत नाही. तुला धक्क्यावर नाही म्हणता येईना, म्हणून वर नेऊन टाकत होतो.

वर्षभर तुझ्या शिव्या खाल्ल्या. अजून दहा वर्षं खाल्ल्या असत्या. तूच खणत बसलीस, माझं डोकं फिरवलंस, आता घे.

अजून वेळ गेलेली नाही. अधिकाऱ्याला सांग, रागाच्या भरात अर्ज केला होता. त्याला चहा पाज आणि परत पाठव. डफ आणि मी मरेपर्यंत तोंड उघडणार नाही. एवढं माझं ऐक, ताई.

लॅक्लन


पोर्ट एसिंग्टन
२८ ऑगस्ट १९११

एफी,

काय केलंस हे?

धक्क्यावर नवा कागद लागला आहे. ‘दोरवाल्याने दोर योग्य वेळी सोडून प्रवाशांचे प्राण वाचवले.’ त्याच्या खाली, ‘आल्डर किनाऱ्यावरून पुरवलेले लाकूड ओले होते, असे पुरवणाऱ्या बाईने स्वतः कबूल केले.’ तुझं नाव पूर्ण लिहिलंय. डफला बोलावलं तेव्हा अधिकाऱ्याने तुझी जबानी आधी वाचून दाखवली. डफ रडला. माझ्याजवळ नाकारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. खोटी साक्ष दिली म्हणून पुढच्या मोसमापर्यंत माझा परवाना काढून घेतलाय. ‘ग्लेनारा’वर दुसरा माणूस उभा आहे.

गुत्त्यात आता एनॉकची गाठ कुणी म्हणत नाही. काय म्हणतात ते तुला सांगत नाही. सगळ्या कप्तानांनी तुझ्याकडून लाकूड घेणं बंद केल्याचं कळलं. तुला वेड लागलंय का? काय खाणार आहेस? त्या किनाऱ्यावर हिवाळा तोंडावर आलाय, नदी गोठली की येणंजाणं बंद. बोचकं बांध आणि इकडे ये. इथे दोन खोल्या आहेत, एक तुझी. शिव्या समोरासमोर दे, टपालाचा त्रास वाचेल.

मी तुला वाचवायला बघत होतो आणि तू माझ्या अंगावरून चालत गेलीस. तुला लिहायला लागलं तर राग येतो, नाही लिहिलं तर झोप येत नाही. माझ्याशी पुन्हा कधी बोलणार आहेस, तेवढं तरी कळव.

लॅक्लन


आल्डर किनारा
१२ सप्टेंबर १९११

लॅक्लन,

जुलैचं तुझं पत्र वाचल्यावर मी काय केलं ते तुला सांगणार नाही. ते तुझं नाही.

एवढं सांगते. वाहून आलेलं लाकूड खिंडीच्या ढिगात घालायचं नाही, हे नव्या लाकूडतोड्यांना मीच ओरडून सांगायचे. आणि ते ओंडके उचलताना मला जड लागले होते. वाटलं, मी थकलेय. तेवढ्यात तुझी शिटी झाली आणि बोट खोळंबू नये म्हणून मी ते तसेच चढवून दिले. म्हणजे कुणी सांगायच्या आधी माझ्या हातांना माहीत होतं.

अधिकारी आला. तू म्हणालास तसा त्याला चहा पाजला आणि सगळं सांगितलं. चांगला माणूस होता, मध्येच थांबून म्हणाला, बाई, हे लिहिलं नाही तरी चालेल. सगळ्यांनाच मला वाचवायचंय! मी म्हटलं, लिहा, आणि माझं नाव नीट लिहा.

तू मला वाचवायला बघत होतास म्हणे. विचारलंस का मला? त्या बाकावर बसले होते मी, मेले नव्हते. शाल घेतलेली बाई दिसली आणि ठरवून टाकलंस, की हिला सोसणार नाही. मग एक मेलेला, एक जिवंत, त्यांत तुला मेलेला स्वस्त वाटला. एकदा तो माझ्या लाकडाने बुडाला. दुसऱ्यांदा तू बुडवलास, आणि वर्षभर त्याच्यावर पाय देऊन उभा राहिलास. मला वाचवता वाचवता तुझा परवानाही वाचला, हे तुझ्या एवढ्या पत्रांत कुठे आलेलं नाही. मी शोधलं.

तुझ्या खोलीत मी येणार नाही. सासऱ्यांना सोडून कुठे जाणार? आणि त्यांचं सांगते, कारण ते ऐकायचा तुला हक्क नसला तरी मला सांगायला दुसरं कुणी नाही.

अधिकाऱ्याच्या आधी मी त्यांना सांगितलं होतं. ते जाळं विणत होते. हातातली गाठ ओढली. मग विचारलं, “म्हणजे त्याने वेळेवर सोडला?” मी म्हटलं, “हो बाबा. अगदी वेळेवर.” म्हणाले, “त्याच्या हातांची चूक नव्हती?” मी म्हटलं, “नव्हती. माझ्या हातांची होती.” ते उठले, जाळं तिथेच टाकलं आणि पुतण्याच्या घरी राहायला गेले.

त्यांच्या लोकांत कुणाच्या नावाला डाग लागला, तर चार गावचे लोक बोलावून, जेवू घालून, सगळ्यांसमोर तो धुतात. सिमियननी ते जेवण घातलं, मागच्या आठवड्यात. वर्षभर ते त्याची वाट बघत होते, मला आत्ता कळलं. वाळवलेला सामन मासा, बेरी, भाताची पातेली. मी पहाटेपासून तिकडच्या चुलीवर होते. मला कुणी बोलावलं नाही, कुणी जा म्हणालं नाही. चौकशीचा नवा कागद वाचून झाल्यावर मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि बोलले, लाकूड माझं होतं. मग सिमियननी एनॉकचं नाव मोठ्याने घेतलं, त्यांच्या भाषेतलं, खरं, आणि सगळ्या घराने ते त्यांच्या मागून म्हटलं. गेल्या वर्षीच्या जूनपासून ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं.

आता ते रोज धक्क्यावर येतात. शिटी झाली की सगळ्यांच्या पुढे उभे असतात. दोन बोटींनी त्यांच्या पुतण्याला दोरावर घेतलंय. म्हातारा असा ताठ चालतो, की बघत राहावं. पण माझ्या दारावरून जाताना मान वळवत नाहीत. मी मासा शिजवून त्यांच्या पायरीवर ठेवते. संध्याकाळी तो तसाच असतो, मी परत आणते. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवते. त्यांचं काही चुकत नाही. त्यांच्या जागी मीही खाल्ला नसता.

तू विचारलंस, मी तुझ्याशी पुन्हा कधी बोलणार. ते माझ्याशी बोलतील त्या दिवशी.

एफी